रेघ एक, मोकळे सात

सोमवार, ४ नोव्हेंबर

मुलीच्या आग्रहावरून ही वही सुरू करीत आहे. "बाबा, मनातलं लिहून काढा, म्हणजे हलकं वाटेल," असे ती दूरध्वनीवर म्हणाली. मनातले लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. कामाचे मात्र पुष्कळ आहे. तेव्हा येथे कामाचेच लिहावे असे ठरवले आहे.

माझी पत्नी बावीस वर्षे घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आरेखनाचे कार्यालय चालवीत असे. ती संगणकावर नकाशे काढी. मी तंत्रनिकेतनात अभियांत्रिकी रेखाटन शिकवीत असे आणि दर शनिवारी तिचे नकाशे तांबड्या पेन्सिलीने तपाशीत असे. तिच्या निधनास आज त्रेचाळीस दिवस झाले.

पाणीपुरवठा विभागासाठी ती जुन्या वस्तीतील जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे नकाशे करीत होती. एकूण सात पत्रके. सहा देऊन झाली. सातवे जवळजवळ पुरे होऊन राहिले आहे. त्यात दाखवलेल्या रस्त्याने नवे गटार जायचे असून, जुनी जलवाहिनी नेमकी कोठून गेली आहे हे खणणाऱ्यांना या पत्रकावरून कळायचे आहे. मुदत १५ तारखेची.

विभागाच्या उपअभियंता बाई भेटावयास आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "सर, तुमच्यावर आता हे ओझं नको. मी दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेते." मी नकार दिला. प्रत्येक पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात 'आरेखन' या शब्दापुढे नकाशा काढणाऱ्याचे आणि 'तपासणी' या शब्दापुढे तपासणाऱ्याचे नाव येते. सहा पत्रकांवर पहिल्या जागी तिचे नाव आहे. सातव्यावरही तेच असले पाहिजे. यापलीकडे माझा काही हेतू नाही.

तिचा संगणक सुरू होण्यास पंधरा मिनिटे घेई, म्हणून नवा आणवला. आज त्यावर सातवे पत्रक उघडले. जलवाहिनी, गटार, वीज, वायू, कुंपण: साऱ्या रेघा अखंड. एकही तुटक नाही, एकीवरही ठिपका नाही. कोणती कशाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. पडद्यावर नुसता गुंतवळ दिसतो आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले व म्हणाले, "रेघा आहेत की, सर. सगळ्या दिसतायत."

"दिसतात, परंतु सारख्या दिसतात. त्या निरनिराळ्या दिसावयास हव्यात."

"मग वेगवेगळे रंग देऊ का?"

मी त्यांना बसवून रेघांचे प्रकार समजावून सांगितले. सुमारे वीस मिनिटे लागली. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. नंतर म्हणाले, "अच्छा. म्हणजे मॅडमनी रेघा स्वतः बनवल्या होत्या. ती फाइल जुन्या मशीनवर राहिली. प्रोग्रामला रेघ ओळखू आली नाही की तो सरळ ओढून मोकळा होतो. आपल्यासारखंच आहे, सर. माहीत नसलं की ठोकून द्यायचं."

जुन्या संगणकातून ती फाइल मिळाली. जाताना मी मुदतीची काळजी बोलून दाखवली, तर म्हणाले, "उशीर झाला तर कंप्युटरवर ढकला. त्याला राग येत नाही आणि समोरचा काही विचारत नाही." मला अशा सवयी नसल्याचे मी त्यांना सांगितले.

फाइलमध्ये रेघांना दिलेली नावे पाहून मी थक्क झालो. वायुवाहिनीचे नाव 'नाक'. गटाराचे 'रुमाल'. विजेच्या तारेचे 'लांब राहा'. कुंपणाचे 'शेजारी'. एकीचे नाव नुसते 'काका'. सरकारी कामात हे शोभत नाही. बावीस वर्षांत मला तिने ही यादी एकदाही दाखवली नाही, याचे कारण उघड आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

फाइल जोडूनही रेघा अखंडच होत्या. तीन दिवस यात गेले. आज दुपारी कारण सापडले.

प्रत्येक रेघेची व्याख्या म्हणजे केवळ आकडे: इतके मिलिमीटर रेघ, इतके मोकळे, पुन्हा रेघ. गटाराची रेघ सहा, मोकळे दोन. तिने हे आकडे कागदावरच्या लांबीचे धरले होते. नव्या प्रोग्रामने ते प्रत्यक्ष जमिनीवरचे मानले. नकाशा एकास पाचशे प्रमाणाचा. त्यामुळे तुटक भाग पाचशेपट लहान होऊन एकमेकांस इतके चिकटले की डोळ्यांस अखंड रेघ दिसू लागली. पाचशेने गुणले. क्षणात सबंध पत्रक उमटले. गटार गटारासारखे, कुंपण कुंपणासारखे.

फार समाधान झाले. उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. कशासाठी उठलो ते आठवेना, म्हणून परत येऊन बसलो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

वळणांवर दोष उरलाच होता. सरळ भागात रेघ नीट तुटक, वळणावर पुन्हा अखंड. शोधता असे दिसले की वळणे तिने अर्ध्या अर्ध्या मीटरवर बिंदू घेऊन काढली आहेत. प्रत्येक बिंदूपाशी प्रोग्राम रेघेचा नमुना पहिल्यापासून सुरू करतो, आणि पुढचा बिंदू इतका जवळ असतो की मोकळी जागा येण्याची पाळीच येत नाही. सबंध लांबीवर नमुना सलग चालवावा, अशी एक सोय आहे. ती चालू करताच वळणेही उमटली. माझे विद्यार्थी शाईच्या रेखणीने रेघ काढीत तेव्हा वळणावर हात आपोआप सावकाश होई. यंत्राला ते सांगावे लागते.

शनिवार असल्यामुळे सवयीने तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. ती कच्चे पत्रक कधीही माझ्यापुढे ठेवीत नसे. "पूर्ण झाल्याशिवाय तुमच्या हाती द्यायचं म्हणजे वाघाला वासरू दाखवायचं," असे म्हणे. एकदाच, तिसऱ्या पत्रकाच्या वेळी, कोणती रेघ कशाची हे सांगणाऱ्या सूचीत आणखी एका रेघेची भर घालावी असे तिने सुचवले होते. मी म्हणालो, वाहिनी एक तर असते किंवा नसते. आणखी रेघ कशाची काढणार? ती म्हणाली, "असते, पण कुठे ते कुणी बघितलेलं नसतं, त्याची." सूची प्रमाणित असली पाहिजे, असे सांगून मी विषय संपवला. ती हसली आणि चहा टाकावयास उठली.

हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. मुलीने वही सुचवली तेव्हाच असे काही होणार हे ओळखावयास हवे होते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अखेरचा दोष. शाळेच्या भिंतीलगत जाणारी सुमारे दोनशे मीटर जलवाहिनी पडद्यावर नीट दिसत नव्हती. जरासा ठिपका, मग लांबलचक पोकळी, पुन्हा ठिपका. उंदराने कुरतडल्यासारखी. ती 'काका' नावाच्या रेघेत काढलेली आहे. व्याख्या पाहिली: रेघ एक, मोकळे सात. नेहमीच्या जलवाहिनीची व्याख्या याच्या नेमकी उलट आहे: रेघ सात, मोकळे एक. म्हणजे टंकताना आकड्यांची अदलाबदल झाली.

चूक क्षुल्लक आहे. विद्यार्थ्यांच्या हातून शेकडो वेळा पाहिली आहे. तिच्या हातून मात्र पूर्वी कधी झाली नव्हती. शेवटच्या दोन महिन्यांत तिचे लक्ष नसे. हात कापत, आणि ते मला दिसू नये म्हणून ती पेला दोन्ही हातांनी धरी. मी आकडे जागच्या जागी आणले, नावही बदलून 'जल-१' केले. दोनशे मीटर वाहिनी कशी ठसठशीत उमटली.

तिची ही चूक मी कोणासही सांगणार नाही. आपल्या माणसासाठी इतके करता आले, याचे बरे वाटले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मुदतीच्या एक दिवस आधी पत्रक दिले. उपअभियंता बाई बराच वेळ चौकटीतील नावांकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांचं काम नेहमी असंच असायचं. पाहिलं की विश्वास बसतो." मी आभार मानले.

मुलगी म्हणाली, "बाबा, झालं ना आता काम? मग या इकडे. तिथे एकटे काय करणार?" विचार करीन असे सांगितले. "तुमचं विचार करीन म्हणजे नाही," असे म्हणून तिने जावईबापूंच्या हाती दूरध्वनी दिला. आम्ही दोघांनी हवामानाविषयी बोलून घेतले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

दुपारी दारात पाण्याचा चावीवाला उभा होता. हातात त्याची ती पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. रस्त्यातील झडपा उघडण्याचे व बंद करण्याचे काम तो चौतीस वर्षे करीत आहे. त्याने चावी बाहेर भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि खुर्चीवर न बसता उंबऱ्याजवळच उभा राहिला.

"सर, बाई गेल्या तेव्हा मी गावी होतो. परवा परत आलो, तेव्हा कळलं." मी पाणी दिले. ते पिऊन म्हणाला, "आणि दुसरं असं, की ऑफिसात नकाशा दाखवला मला. शाळेजवळची लाइन. ती तिथून जाते असं कुणी सांगितलं?"

"नकाशात ती दाखवलेली आहे."

"ते बघितलं. म्हणून तर आलो. अहो, मीच सांगितलं होतं बाईंना. पण मी म्हटलं होतं, असेल इथून कुठूनतरी. माझ्या आधीचा म्हातारा सांगायचा तसं. मी स्वतः कधी बघितलेली नाही."

मी त्यास सांगितले की नकाशा तपासूनच देण्यात आला आहे.

"तुम्ही तपासला?"

"होय."

"रस्त्यावर येऊन?"

मी त्याच्या हातातील रिकामा पेला घेतला. तो म्हणाला, "रागावू नका, सर. बाई माझ्या सांगण्यावर कधीच रेघ मारायच्या नाहीत. पहिल्या सगळ्या रस्त्यांना तसंच केलं. मी दाखवायचो, त्या लिहून घ्यायच्या, मग खड्डा घेऊन डोळ्यांनी बघायच्या. मगच पक्की. या रस्त्याचे खड्डे राहिले. मला म्हणाल्या पण होत्या, 'काका, तुमची लाइन अजून तुमच्याच नावावर आहे बरं का.' मला तेव्हा कळलं नाही."

तो गेल्यावर मी सातवे पत्रक पुन्हा पाहिले. सूचीत, मापांत, प्रमाणात कोठेही दोष नाही. ज्याने दोन ओळींचे पत्र कधी लिहिले नसेल, त्याच्या बोलण्यावरून तयार नकाशा मागे घेणे शास्त्रशुद्ध नव्हे.

बुधवार, २० नोव्हेंबर

सकाळी तिची स्थळवही काढली. कपाटात वरच्याच खणात होती. मी ती आजवर उघडली नव्हती, कारण तपासणाऱ्याने केवळ नकाशा पाहावा, असा माझा नियम. शाळेच्या रस्त्याच्या पानावर तिच्या अक्षरात असे आहे: "काका म्हणतात भिंतीपासून दोन मीटर. काकांना म्हाताऱ्याने सांगितले. म्हाताऱ्याला कोणी, माहीत नाही. चार खड्डे हवेत. तोवर रेघ एक, मोकळे सात."

आकड्यांची अदलाबदल झालेली नव्हती.

ती लिहिते आहे की जेवढे ठाऊक तेवढीच रेघ, आणि जेवढे ठाऊक नाही तेवढे मोकळे. मी ते मोकळे भरून काढले. त्याबद्दल येथे, याच वहीत, स्वतःची पाठ थोपटली. मागचे पान फाडावे असे मनात आले, फाडले नाही.

परवा, शुक्रवारी, तेथे यंत्राने खणावयास सुरुवात होणार आहे. वाहिनी भिंतीलगत आहे असे समजून ते रस्त्याच्या मध्यातून निर्धास्त खणतील. ती प्रत्यक्षात मध्यातूनच जात असेल तर फुटेल, आणि शाळेसकट साऱ्या वस्तीचे पाणी जाईल. खड्ड्यात माणूस असेल तर त्याहून वाईट.

दूरध्वनी दोनदा उचलून ठेवला. कारण लिहितो. नकाशा चुकीचा आहे असे कळवले की चौकटीत दुरुस्तीची नोंद होणार, आणि 'आरेखन' या शब्दापुढे तिचे नाव आहे. वाचणारा तेच वाचील. तिचे शेवटचे पत्रक, आणि त्यावर दोषाचा शेरा. संगणक दुरुस्त करणाऱ्यांचा सल्लाही आठवला. यंत्र बदलल्यामुळे रेघ बदलली, असे म्हटले तर कोणीही मान डोलावील. ते अर्धे खरेही आहे. मी हे वाक्य एका चिठ्ठीवर नीट लिहून काढले. भाषा निर्दोष झाली होती.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

साडेदहाला विभागाच्या कार्यालयात गेलो. चिठ्ठी खिशात होती. उपअभियंता बाईंना स्थळवहीचे पान दाखवले आणि शाळेजवळची दोनशे मीटर वाहिनी अनिश्चित असल्याचे सांगितले. त्यांनी माझे बोलणे पुरे होण्यापूर्वीच ठेकेदारास दूरध्वनी लावला. "उद्या मशीन लावू नका. आधी हातानं चार खड्डे घ्या... हो, मी सांगते म्हणून." मग खुर्ची मागे सारून म्हणाल्या, "सर, बसा. घाबरायचं काही नाही. कंप्युटर बदलला की असं होतं. तसंच लिहिते."

"संगणकाने रेघ बदलली नाही. मी बदलली."

"मुद्दाम?"

"होय. मला ती चूक वाटली."

त्या थोडा वेळ पेनाशी खेळत राहिल्या. "बरं. मग 'आरेखनातील दोष' एवढंच लिहू. मोघम असलेलं बरं, कुणी खोलात जात नाही."

"आरेखनात दोष नव्हता," मी म्हणालो. "तपासणीत होता. 'तपासणीतील चूक' असे लिहा, मूळ आरेखन योग्य होते असे लिहा, आणि त्याखाली माझी सही घ्या."

"सर, या ऑफिसातले निम्मे लोक तुमच्या हाताखालून गेलेत. मीही. हा कागद सगळ्यांच्या टेबलावरून फिरेल."

"फिरू द्या. त्यांतील अनेकांचे नकाशे मी याहून लहान चुकांसाठी फाडले आहेत."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा दोनदा फाडलात. दुसऱ्यांदा माझं बरोबर होतं."

हे मला ठाऊक नव्हते. मी तसे म्हणालो. "तेव्हा सांगायची सोय होती का?" असे त्यांनी विचारले, पण उत्तराची वाट न पाहता नोंद लिहावयास घेतली. नोंद तीन ओळींची झाली. मी ती वाचली, एक स्वल्पविराम घातला, सही केली. चौकटीत तिचे नाव होते तेथेच आहे.

त्यांनी सूचीत त्या रेघेचा अर्थ लिहून मागितला. मी लिहिले: "ऐकीव, प्रत्यक्ष पाहिलेली नाही." घरी येऊन आकडे पुन्हा तिचे ठेवले, आणि नावही 'काका' केले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

तपासणी करावयाची म्हणून सकाळी रस्त्यावर गेलो. चावीवाला आधीच आला होता. चार ठिकाणी हाताने खणणे चालू होते. पहिल्या खड्ड्यात काहीच लागले नाही. दुसऱ्यात दीड मीटर खोलीवर कुदळीचा आवाज बदलला. चावीवाला स्वतः खाली उतरला, हाताने माती बाजूला केली आणि तळवा ठेवून म्हणाला, "आहे. वाहतंय." वाहिनी रस्त्याच्या जवळजवळ मध्यात होती. मी माप घेतले. तिसऱ्या खड्ड्यात पुन्हा काही नाही. चौथा दुपारनंतर होणार होता. म्हणजे आजच्या दिवसात दोनशे मीटरपैकी, खड्ड्यात उघडी पडली तेवढीच, दीड मीटर मी पक्की रेघ ओढू शकतो.

आम्ही खड्ड्याच्या कडेला एका उलट्या घमेल्यावर आणि एका दगडावर बसलो. दगड मला मिळाला. मी त्यास म्हणालो, "काका, तुमचे बरोबर निघाले."

"माझं कुठे बरोबर, सर? मी भिंतीजवळ सांगितलं होतं. निघाली इथे." त्याने हात झटकले. "बरोबर बाईंचं. त्या म्हणायच्या, बघितल्याशिवाय नाही." मग खड्ड्याकडे पाहत म्हणाला, "हे खणणं झालं असतं की त्या माझ्या स्टुलावर जाऊन बसल्या असत्या."

"कोणत्या स्टुलावर?"

"झडपांच्या खोलीतल्या. शेवटी शेवटी दम लागायचा त्यांना. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जाता यायचं नाही. मग खोलीत येऊन बसायच्या. अर्धा तास, कधी तास. मी म्हणायचो, सरांना सांगा. तर म्हणायच्या, 'सांगीन की. आधी काय ते नक्की कळू दे. अर्धवट कशाला सांगायचं त्यांना.'"

मी विचारले, हे कोणत्या महिन्यातले.

"नक्की नाही सांगता यायचं."

"अंदाजे सांगा."

"तिसरं पत्रक चालू होतं. नाहीतर चौथं असेल. मी काही लिहून ठेवलेलं नाही, सर. चुकीचं सांगितलं जायचं."

"चालेल," मी म्हणालो. "जसे आठवते तसे सांगा."

तो सांगत राहिला. मध्येच थांबे, आधीचे मागे घेई, पुन्हा वेगळे सांगे. स्टूल तीन पायांचे होते. ती आधी ते हलवून पाही. एकदा तिने त्याचा डबा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी आपला आणून दिला. की आपला आधी आणून दिला होता, हे त्यास आठवेना. मी टोकले नाही. चौथा खड्डा घेणारी माणसे आमच्या बाजूला आली, तेव्हा आम्ही दोघे उठून घमेले आणि दगड घेऊन थोडे पलीकडे सरकलो, आणि तो पुढे सांगू लागला.